स्पिनिंग रिळांच्या किमतीतील तफावत : एक यांत्रिक व आर्थिक विवेचन

गोषवारा : गरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्पिनिंग रिळांच्या किमतीत आज तीसपटींहून अधिक अंतर आढळते. हे अंतर रिळाच्या नेमक्या कोणत्या भागांत खर्ची पडते आणि खाऱ्या पाण्याच्या किनाऱ्यावर गरवणाऱ्या सामान्य ग्राहकाला त्यातील किती भाग उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : स्पिनिंग रीळ, घर्षण, ड्रॅग, क्षरण, बेअरिंग, ग्राहकवर्तन

प्रस्तावना

कोकणच्या किनाऱ्यावर गरवणे ही काही नवी गोष्ट नव्हे. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, त्याच्या टोकाला शिसे आणि गरी, एवढ्या सामग्रीवर कित्येकांचे आयुष्य गेले. अलीकडच्या काळात मात्र खडकांवर, जेटींवर आणि खाडीच्या मुखाशी काठी व रीळ घेऊन उभी असलेली तरुण मंडळी ठळकपणे दिसू लागली आहेत. यांतील बरेचसे विद्यार्थी असतात किंवा नुकतेच नोकरीला लागलेले असतात. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न माशाचा नसून रिळाचा असतो. हजार-दीड हजार रुपयांतही रीळ मिळते आणि जपानी कंपन्यांच्या सर्वोच्च श्रेणीतील रिळाची किंमत पन्नास हजारांच्या पुढे जाते. दोन्ही रिळे दिसायला जवळपास सारखी असतात आणि दोन्हींची दांडी फिरवली की दोरा गुंडाळला जातो. मग मधल्या रकमेचे काय होते ?

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, ‘नावाचे पैसे घेतात’ आणि दुसरे, ‘महाग तेच टिकते’. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. किनाऱ्यावरून वापरल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या, म्हणजे उत्पादकांच्या भाषेत साधारण २५०० ते ४००० क्रमांकाच्या, रिळांपुरते प्रस्तुत विवेचन मर्यादित आहे.

रचनेचे मूळ

स्पिनिंग रिळाचे वैशिष्ट्य असे की, दोरा फेकताना त्यातील फिरकी, म्हणजे स्पूल, स्थिर राहते व दोरा तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॅलॉक यांच्या १८८४ च्या रिळात ही कल्पना अंशतः आली होती. तिला आजचे रूप देण्याचे श्रेय मात्र इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील लोकरीच्या व्यवसायातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांना दिले जाते. त्यांनी १९०५ साली आपल्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील स्थिर बॉबिनच्या टोकावरून सूत कसे अलगद सुटते, हे रोज पाहणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचावी यात नवल नाही. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या घरचे कोणी काम करत होते, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

दोरा परत ओढताना स्पूलभोवती रोटर फिरतो आणि त्यावरील तारेची कमान दोरा स्पूलवर घालते. दांडी एका अक्षावर, तर रोटर तिच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या अक्षावर फिरत असल्यामुळे, मधल्या दोन दातेरी चाकांना गती वाढवणे व दिशा बदलणे अशी दोन्ही कामे करावी लागतात. त्याच वेळी स्पूलला मागे-पुढे सरकवणारी तिसरी यंत्रणाही चालत असते. मुठीएवढ्या डब्यात हे सगळे बसवायचे असल्याने, भागांच्या मापांतील सूक्ष्म फरकसुद्धा हाताला जाणवतो.

किंमत कोठे मुरते

प्रथम दातेरी चाके पाहू. स्वस्त रिळातील मुख्य चाक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असते व ते साच्यात ओतून तयार करतात. साच्यातून निघालेले दाते पुरेसे नेमके असतात. परंतु हा धातू तुलनेने मऊ असल्याने सततच्या भाराखाली ते झिजतात आणि काही महिन्यांनी दांडी फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर जाणवू लागते. वरच्या श्रेणीत हेच चाक ड्युराल्युमिनचे असते. तांबे मिसळलेला हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी शोधला. तो थंड अवस्थेत प्रचंड दाबाखाली घडवला जातो आणि काही नमुन्यांत दात्यांवर पुन्हा यंत्राने काम केले जाते. यामुळे चाक हलके व कणखर होते. नव्या रिळाची मुलायम चाल दुकानात सर्वांनाच मोहवते. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही रिळांत असलेला फरक त्यांच्या किमतींच्या मानाने फारच थोडा असतो. तो खऱ्या अर्थाने दिसतो तो तीनशेव्या दिवशी.

बाह्य आवरणाचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. तंतूमिश्रित प्लॅस्टिकचे आवरण हलके असते व गंजत नाही. पण ॲल्युमिनियमच्या तुलनेत ते बरेच लवचीक असते. मोठा मासा ओढताना आवरण किंचित वाकले की चाकांचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत. दोन किलोच्या माशासाठी हा विचार निरर्थक आहे. वीस किलोच्या कोकरासाठी तो निर्णायक ठरतो. उंची रिळांत कधीकधी मॅग्नेशियम वापरतात. ते ॲल्युमिनियमहूनही हलके असते. परंतु त्यावरील लेप खरचटला, तर समुद्राच्या पाण्यात ते फार लवकर खाल्ले जाते. महाग म्हणजे प्रत्येक बाबतीत अधिक टिकाऊ, हे समीकरण येथे मोडते.

आता बेअरिंगकडे वळू, कारण ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. खोक्यावर ‘१२ बेअरिंग’, ‘१३ बेअरिंग’ असे ठळक छापलेले असते आणि संख्या जितकी मोठी तितके रीळ उत्तम, असे घेणारा समजतो. थोडे गणित करून पाहू. स्पूलचा व्यास ४८ मिलिमीटर व गती-गुणोत्तर ५ धरल्यास, दांडीच्या एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर दोरा गुंडाळला जातो. सेकंदाला एक फेरा या वेगाने दांडी मिनिटाला ६० वेळा, तर रोटर ३०० वेळा फिरतो. कमानीच्या टोकाला एक लहानसा रोलर असतो आणि तेथे दोरा काटकोनात वळतो. त्याचा व्यास ७ मिलिमीटर असेल, तर त्याच वेळी तो मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेतो. मासा सेकंदाला तीन मीटर वेगाने दोरा ओढून पळू लागला, तर हा आकडा आठ हजारांवर जातो. रिळातील सर्वांत लहान चाकावर सर्वांत जास्त काम पडते आणि तेच खाऱ्या पाण्याने सतत भिजत असते. दांडीच्या मुठीत चार बेअरिंग भरून संख्या वाढवता येते; पण रोलरला एक चांगले, गंजरोधक बेअरिंग नसेल, तर त्या संख्येला अर्थ राहत नाही.

हे विधान केवळ कागदावरच्या गणितावर आधारलेले नाही. प्रस्तुत लेखकाने दोन पावसाळे खाडीवर वापरलेले आपले एक स्वस्त रीळ उघडून पाहिले, तेव्हा आतील चाके आश्चर्य वाटावे इतक्या सुस्थितीत होती. रोलर मात्र गंजून जाम झाला होता. फिरणे थांबल्यामुळे त्याच्यावर दोऱ्याने बारीक खाच पाडली होती आणि त्या खाचेने दोरा हळूहळू कातरला होता. काठाजवळ आलेला जिताडा दोरा तोडून गेला, त्याचे खापर तोपर्यंत दोऱ्यावरच फोडले जात होते.

ड्रॅग : छापील आकडा आणि प्रत्यक्ष काम

ठरवलेल्या मर्यादेपलीकडे ताण आला की, स्पूलला घसरू देणारी घर्षण-यंत्रणा म्हणजे ड्रॅग. तिच्या कमाल क्षमतेचा आकडाही जाहिरातीत मिरवला जातो. परंतु दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ड्रॅग ठेवण्याची सर्वसाधारण रीत आहे. म्हणजे सहा किलो ताकदीच्या दोऱ्याला दोन किलोपर्यंतचा ड्रॅग पुरतो. अशा वेळी बारा किलोची क्षमता वापरलीच जात नाही.

महत्त्वाचे असते ते ड्रॅग सुटण्याचा क्षण. स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा अधिक असते, हे भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तकी तत्त्व येथे थेट अनुभवास येते. हा फरक मोठा असेल, तर स्पूल अडखळत, झटक्याने सुटते आणि नेमक्या त्या झटक्याला दोरा तुटतो. नायलॉनचा तंगूस स्वतः ताणला जात असल्याने हा दोष झाकला जात असे. आज प्रचलित झालेला पॉलिएथिलीनचा विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही. त्यामुळे ड्रॅगचा दर्जा पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दोरा सुटत जातो तसा स्पूलवरील गुंडाळीचा व्यास घटतो. तो ४८ वरून ३६ मिलिमीटरवर आला, तर ड्रॅगला हात न लावताही दोऱ्यावरील ताण एक तृतीयांशाने वाढतो. हा नियम दीड हजाराच्या व पन्नास हजारांच्या रिळाला सारखाच लागू आहे.

स्वस्त रिळात ड्रॅगच्या चकत्या बहुधा फेल्टच्या, तर महाग व मोठ्या रिळांत कार्बन-तंतूंच्या असतात. फरक उष्णतेचा आहे. दोन किलो ड्रॅगविरुद्ध माशाने ५० मीटर दोरा ओढला, तर सुमारे ९८० ज्यूल उष्णता निर्माण होते. ती सगळी ५० ग्रॅमच्या ॲल्युमिनियम स्पूलमध्येच राहिली असे धरले, तरी तापमान जेमतेम २२ अंशांनी वाढेल. फेल्टला हे सहज सोसते. पाच किलो ड्रॅग व १०० मीटर दोरा घेतला, तर हीच वाढ शंभर अंशांच्या पलीकडे जाते. तेथे फेल्ट होरपळते, दबते आणि पकड सोडते. कार्बनचे अधिकचे पैसे मोजायचे की नाही, हे आपण कोणत्या माशाच्या मागे आहोत यावर ठरते.

मिठाचा हिशेब

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पोलादाचा दांडा व ॲल्युमिनियमचे आवरण अशा दोन भिन्न धातूंमध्ये हे पाणी शिरले की विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते आणि त्याचा बळी ॲल्युमिनियम ठरते. त्यामुळे खाऱ्या पाण्यावर वापरायच्या रिळात पैसा प्रामुख्याने पाणी रोखण्यावर खर्च होतो. पेन कंपनीच्या ‘स्पिनफिशर ६’ या मालिकेत आवरणाला आयपीएक्स-५ दर्जाची, म्हणजे पाण्याचा झोत सोसण्याची, सील आहे. आणि ही मालिका सर्वोच्च श्रेणीच्या किमतीपेक्षा पुष्कळच खाली मिळते. दायवा कंपनीने रबरी सीलऐवजी चुंबकीय तेलाचा पडदा वापरला. अशा चुंबकीय द्रवाचा मूळ शोध नासा या अमेरिकन संस्थेतील स्टीफन पॅपेल यांनी १९६३ मध्ये लावला होता. घर्षण न वाढवता पाणी अडवण्याची ही कल्पना सुंदर आहे. तथापि अशा रिळाचा तो भाग घरी उघडून तेलपाणी करण्याजोगा राहत नाही. अधिकृत दुरुस्ती केंद्र जवळपास नसलेल्या तालुक्याच्या गावी हा गुण आहे की दोष, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. याउलट, आतील भाग एका पेचकसाने उघडता येणारे साधे रीळ तेथे अधिक वर्षे चालण्याची शक्यता असते.

पवईसारख्या गोड्या पाण्याच्या तलावावर रोहू-कटल्यासाठी बसणाऱ्याला यांतील बहुतेक खर्चाची गरजच नाही. स्वस्त रिळाबद्दलची त्याची प्रशस्ती आणि रत्नागिरीच्या खडकावरील माणसाची तक्रार, ही दोन्ही खरी असतात. पाणी वेगळे असते, इतकेच.

बाजार आणि खूण

अर्थशास्त्रज्ञ केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मांडले की, ग्राहक वस्तू घेत नसून त्या वस्तूतील गुणधर्मांचा संच घेत असतो. रिळाच्या बाबतीत अडचण अशी की, टिकाऊपणा हा मुख्य गुणधर्म खरेदीच्या वेळी दिसत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी दाखवून दिलेली माहितीची विषमता येथेही आहे. जे दिसत नाही त्याच्या जागी मग मोजता येणारी खूण उभी केली जाते. बेअरिंगची संख्या व कमाल ड्रॅग हे त्या खुणांचे काम करतात. त्या खोट्या नसतात, केवळ गैरलागू असतात.

ग्राहकाच्या पथ्यावर पडणारी बाब वेगळीच आहे. सर्वोच्च श्रेणीसाठी केलेले संशोधन काही वर्षांनी खालच्या श्रेणीत उतरते. शिमानोच्या ‘स्टेला’ या १९९२ पासूनच्या अग्रमालिकेची ओळख ठरलेली थंड-घडणीची चाके आज त्याच कंपनीच्या ‘नास्की’सारख्या मध्यम मालिकेतही मिळतात, शिवाय पाणीरोधक रचनाही मिळते. त्यापुढील प्रत्येक अधिक रुपयाला मिळणारी भर झपाट्याने घटते. शेवटची काही हजारांची रक्कम पंचवीस-पन्नास ग्रॅम वजन कमी करण्यात आणि दांडीच्या चालीतील रेशमी गुळगुळीतपणात जाते. दिवसाला चारशे वेळा काठी फेकणाऱ्याला ते वजन जाणवते. इतरांना तो निव्वळ आनंद आहे आणि आनंदासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. फेकीचे अंतर मात्र त्याने फारसे वाढत नाही. ते काठी, दोऱ्याची जाडी आणि स्पूलची कड यांवर अधिक अवलंबून असते.

दुकानात रीळ हाती घेतल्यावर रिकामी दांडी गरगर फिरवून पाहण्याने फार थोडे कळते. त्यापेक्षा ड्रॅग हलका ठेवून दोरा हाताने हळूहळू ओढावा आणि स्पूल न अडखळता सुटते का ते पाहावे. रोलर बोटाने फिरवून पाहावा, तो एका स्क्रूने उघडता येतो का हे विचारावे आणि सुटे भाग मिळण्याची चौकशी करावी. खाडीवरून परतल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. नळीचा जोरदार झोत मारल्यास मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. रीळ सावलीत वाळले की ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दबून राहतात. त्यानंतर रोलरवर तेलाचा एक थेंब टाकायचा असतो आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.