बायोटिन खरे कुणाला हवे?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. स्टेशनबाहेरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात 'केस फार गळतात' एवढे म्हटले, की बायोटिनचे नाव निघतेच. बाटलीवर पाच हजार किंवा दहा हजार मायक्रोग्रॅम असे आकडे असतात. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतात आणि अंडी, शेंगदाणे, कडधान्ये पानात असतील तर ते जेवणातूनच मिळतात. शरीरात बायोटिन कमी नसेल तर गोळ्यांनी केस वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. मात्र काही बाळांचे कान, डोळे आणि मेंदू याच साध्या गोळीवर अवलंबून असतात. ती बाळे वेळेत ओळखली गेली पाहिजेत. ती का ओळखावीत, हे समजण्यासाठी पेशीत बायोटिनचे काय होते ते पाहावे लागेल.

पाच विकरे, एक जीवनसत्त्व

बायोटिन म्हणजे जीवनसत्त्व बी-७. निसर्गात ते इतके विरळ असते, की १९३६ मध्ये कोगल आणि टोनिस या शास्त्रज्ञांना अडीचशे किलो सुकवलेल्या अंड्याच्या बलकातून जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळाले. इतके थोडे पुरते, कारण माणसाच्या शरीरात बायोटिनवर चालणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, फक्त पाच आहेत. पण त्यांची कामे मोठी आहेत. पायरुव्हेट कार्बोक्सिलेज उपाशीपोटी साखर तयार करण्याच्या वाटेवरचे पहिले पाऊल टाकते. असेटिल-कोए कार्बोक्सिलेजच्या दोन रूपांपैकी एक चरबी बांधायला घेते आणि दुसरे चरबी जाळण्यावर नियंत्रण ठेवते. उरलेली दोन विकरे डाळी-दुधातल्या प्रथिनांमधून येणाऱ्या ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन यांसारख्या अमिनो आम्लांची विल्हेवाट लावतात.

रक्तात नुसते फिरणारे बायोटिन यातले काहीच करू शकत नाही. ते विकराला पक्के जोडावे लागते. हे काम होलोकार्बोक्सिलेज सिंथेटेज नावाचे वेगळे विकर करते. आधी ते एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे इंधन, खर्चून बायोटिनला जोडणीसाठी तयार करते आणि मग विकरातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या एका ठरावीक रेणूला ते बांधते. प्रथिनात लायसिन अनेक असतात, तरी नेमके तेच निवडले जाते. ही ओळख इतकी जुनी आहे, की जिवाणूतले जोडणारे विकर माणसाच्या प्रथिनावरही बरोबर त्याच जागी बायोटिन बसवते.

जोडलेल्या बायोटिनचे काम एकच असते: कार्बन डायऑक्साइड उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा. विकराच्या एका टोकाशी एटीपीच्या बळावर बायकार्बोनेटमधला हा कार्बन बायोटिनच्या नायट्रोजनवर चढतो. मग बायोटिन ज्या भागाला जोडलेले असते तो अख्खा भाग वळून दुसऱ्या टोकाशी जातो आणि कार्बन तिथल्या रेणूच्या हवाली करतो. कार्बन बायोटिनवरच बसतो, हे म्युनिकच्या फिओडोर लिनेन यांनी १९५९ मध्ये दाखवले. पुढे चरबी आणि कोलेस्टेरॉलवरील संशोधनासाठी १९६४ चे नोबेल त्यांना आणि कोनराड ब्लॉख यांना मिळाले.

जपून काढावे लागते

विकरांचे आयुष्य मर्यादित असते. जुनी मोडली, की त्यांतले बायोटिन लायसिनचा तुकडा धरूनच सुटते. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात खराब झालेल्या पँटचे चांगले बटण उसवून नव्या पँटला लावावे, तसे हे बायोटिन सोडवून पुन्हा वापरात आणावे लागते. हे उसवण्याचे काम बायोटिनिडेज करते. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेले बायोटिनही तेच मोकळे करते.

काही बाळांना हे विकर जन्मतःच नसते किंवा फार कमी असते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या बॅरी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी हा दोष शोधला. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. जन्मल्यावर बाळ ठणठणीत दिसते. मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झटके येतात, अंग ढिले पडते, पुरळ उठते, केस झडतात, श्वास जोरात चालतो आणि ऐकू-दिसेनासे होऊ लागते. यावर उपाय आहे: सामान्यतः रोज पाच ते दहा मिलिग्रॅम बायोटिन, आयुष्यभर. लक्षणे दिसण्याआधी सुरू केले तर बाळ इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाला तर गेलेले ऐकणे बहुतेक वेळा परत येत नाही.

म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर तपासणी करणे मोलाचे ठरते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ती १९८४ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. त्याच्या ३० आजारांच्या मूळ यादीत बायोटिनिडेज नाही. हा आजार दुर्मीळ आहे, हे खरे. जगभरात साधारण साठ हजार जन्मांत एक असे प्रमाण सांगितले जाते. पण ज्या घरात ते बाळ येते, त्या घरासाठी हे प्रमाण पूर्ण असते. आणि औषध मिळत नाही किंवा परवडत नाही, ही अडचण इथे नाहीच. तपासणीची कल्पनाही इथे नवी नाही: उल्हासनगरच्या सिंधी समाजाला थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक तपासणीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. रक्ताच्या तपासणीने पुढचे दुःख टळते, हे या पट्ट्याला ठाऊक आहे.

गोळी घेणाऱ्यांनीही सांगावे

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत हवी. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांत स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन वापरतात, कारण ते बायोटिनला विलक्षण घट्ट धरते. रक्तात गोळीचे बायोटिन भरपूर असले, की ते मधेच शिरते आणि टीएसएच खोटे कमी, टी-४ खोटे जास्त दिसू शकते. नसलेला आजार अहवालात उमटतो. हृदयविकाराच्या ट्रोपोनिनची पातळीही चुकीची कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. म्हणून रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना गोळीचे सांगा. थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ती थांबवावी, असा सल्ला दिला जातो.

आणि नवजात बाळाच्या आईवडिलांनी प्रसूतिगृहात विचारावे: टाचेच्या रक्ताच्या तपासणीत बायोटिनिडेज आहे का? नात्यातले लग्न असेल, आधीचे मूल कारण न कळता दगावले असेल किंवा बाळाला झटके येऊन पुरळही उठले असेल, तर हा प्रश्न आग्रहाने विचारावा. डॉक्टरांना संशय असेल तर रक्त घेऊन, अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करता येते. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापासून बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत प्रत्येक सरकारी प्रसूतिकक्षात ही तपासणी मोफत आणि न मागता व्हायला हवी. शासनाने ती यादीत घालावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.