पाण्यावरून वाद

नातवाचा बाप्तिस्मा ठरला, तेव्हा दादांनी निरोप धाडला, ‘मी येणार नाही. तान्ह्या मुलाला काय कळते? मोठा होऊन विश्वास धरेल, तेव्हा घेऊ दे.’

वाद आमच्या घरातला, पण जुनाच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हाही हा पेच होताच. अँग्लिकन तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन न देणारे. कोणी कोणाला हरवले नाही. दोन्ही रीती मान्य केल्या आणि प्रभुभोजनाचे मेज एक केले. (मेथडिस्टांचा एक मोठा गट मात्र शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिला, हेही सांगायला हवे.)

कागदावर हे सोपे. आमच्याकडे दोन महिने बोलणे बंद होते.

त्या रविवारी उपासनेत दादांची जागा रिकामी होती. मी सारखा मागे वळून पाहत होतो. नंतर प्रीतिभोजनाच्या वेळी ते मागच्या दाराने आले, कोणाशी न बोलता भाताचे पातेले उचलले आणि पंगतीत वाढू लागले. सूनबाईने बाळाला पुढे केले.

‘थांब, हात खरकटे आहेत,’ म्हणाले, आणि धुवायला गेले.