गार इंजिनाची पहिली मिनिटं

आदिलाबादला इंजिनाची दोन्हीकडून परीक्षा होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे धावतो आणि तेलंगणातली सर्वांत बोचरी थंडीही इथेच पडते. गेल्या तीसेक वर्षांत पेट्रोलच्या गाड्यांचा धूर कसा बदलत गेला, ते या जिल्ह्यातून म्हणूनच नीट दिसतं.

नव्वदच्या दशकात थंडीच्या पहाटे स्कूटर सुरू करायची म्हणजे चोक ओढायचा आणि किका मारत राहायचं. गार धातूला लागून पेट्रोलची धड वाफ होत नाही, म्हणून चोक हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. त्यातलं बरंचसं अर्धवट जळून किंवा न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. हेच ते कार्बन मोनॉक्साइड आणि उग्र दर्पाचे हायड्रोकार्बन. इंजिन तापलं की हे दोन्ही घटतात. सिलिंडरमधली ज्वाला फार तापली, तर मात्र हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात.

उन्हाळ्यात धास्ती असायची ती इंजिन उकळण्याची. पेट्रोलची वाटेतच वाफ होऊ नये म्हणून जुन्या फियाट, अ‍ॅम्बॅसडरच्या इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकंही गुंडाळलं जायचं. कित्येक मेकॅनिक तर इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा कारचा थर्मोस्टॅटच काढून टाकत. उन्हाळा निभावून जाई; पण तो पुन्हा कोण बसवणार? मग थंडीत पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राही आणि इंजिनाला ८०-९० अंश गाठायला फार वेळ लागे. तोवर धूर वाईटच. आपल्याकडच्या धुराचं हे फार दुर्लक्षित कारण आहे, असं मला ठामपणे वाटतं.

१९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, सोबत शिसेविरहित पेट्रोल. ते २००० मध्ये देशभर पोचलं. पण कन्व्हर्टरही अडीचशे-तीनशे अंश तापल्याखेरीज कामाला लागत नाही. युरोपातल्या चाचणीतसुद्धा इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले ४० सेकंद मोजत नसत. २००० च्या युरो ३ या मानकाने ती सवलत काढून घेतली. तो निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडचं धुराचं मानक भारत स्टेज ४ हैदराबादला २०१० मध्ये लागू झालं, देशभर २०१७ मध्ये. २०२० च्या भारत स्टेज ६ ने नव्या दुचाकींतला कार्ब्युरेटर जवळपास संपवला. आता इंजिनाचं तापमान सेन्सर सांगतो आणि तेवढंच पेट्रोल फवारलं जातं.

धूर तपासणाऱ्या पीयूसी केंद्रावर मात्र गाडी चालवतच न्यावी लागते. सायलेन्सरमध्ये नळी जाते तेव्हा इंजिन तापलेलं असतं. जानेवारीत आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनद किंवा बेल्याहून पहाटे निघालेल्या जुन्या गाडीची पहिली मिनिटं त्या पावतीवर कधीच उतरत नाहीत.