गिरिशिक्षणाच्या दारातील रांग

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था अथवा मनालीची पर्वतारोहण संस्था यांपैकी एखाद्या ठिकाणी प्राथमिक अभ्यासक्रम करावा अशी आकांक्षा बाळगणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या महाराष्ट्रात लहान नाही. आणि राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई पालथे घालून ज्यांचे पाय डोंगराला सरावले आहेत अशा या मुलांची हिमालयाच्या आधी गाठ पडते ती प्रतीक्षायादीशी. तुकड्या ठरलेल्या, जागा मोजक्या आणि इच्छुक उदंड, त्यामुळे सोयीच्या महिन्यांतील जागा फार अगोदर भरून जातात. ज्याचे नाव राहिले त्याने पुढील वर्षाची वाट पाहावी, एवढेच उत्तर त्याच्या पदरी येते. काही हजार हौशी मुलांच्या सुट्टीचा हा प्रश्न, त्यात न्याय-अन्यायाचा विचार कशाला, असे कोणास वाटेल. परंतु या शिक्षणाचे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे ही शंका टिकत नाही.

१९५३च्या मे महिन्यात तेनसिंग व हिलरी यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले आणि पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, पंडित नेहरूंच्या पुढाकाराने दार्जिलिंगची संस्था उभी राहिली. तेनसिंग हेच तिच्या प्रत्यक्ष क्षेत्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. उत्तरकाशीची संस्था नेहरूंच्या निधनानंतर, १९६५ मध्ये, त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झाली. संरक्षण मंत्रालय आणि राज्य सरकारे यांच्या आश्रयाने या दोन्ही संस्था चालतात, म्हणजे त्यांच्या खर्चाचा वाटा रयतेच्या तिजोरीतून जातो. सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात मूल प्रथम खडकावर दोर हाताळावयास शिकते, मग हिमनदीवर नेले जाते, पाठीवर ओझे घेऊन चढते, परक्यांसमवेत एका तंबूत राहते. आणि या अभ्यासक्रमात वरची श्रेणी मिळाल्याखेरीज प्रगत अभ्यासक्रमास प्रवेश मिळत नाही. शोध व बचावकार्याचे आणि प्रशिक्षकाचे शिक्षण त्याच्याही पुढे. प्राथमिक वर्गातील एक जागा हुकली, तर पुढची सारी वाट तेवढ्यापुरती बंद राहते.

मग जागाच वाढवाव्यात, ही सूचना सहज सुचते, आणि काही अंशी ती रास्तही आहे. परंतु हिमनदीवर एका प्रशिक्षकाच्या नजरेखाली किती शिकाऊ मुले राहू शकतात याला मर्यादा आहे, आणि चांगला प्रशिक्षक तयार व्हावयास अनेक वर्षे लागतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा या शिखराच्या वाटेवर उत्तरकाशीच्या संस्थेच्या प्रगत वर्गावर हिमलोट कोसळला आणि सत्तावीस जणांचे मृतदेह त्यातून काढावे लागले, हे ज्याच्या स्मरणात आहे, तो वर्ग भरमसाट फुगवण्याची मागणी करणार नाही. जागा थोड्याच राहणार, हे गृहीत धरूनच त्या कोणास द्याव्यात हा विचार करावा लागतो.

आज बहुतेक ठिकाणी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ हा नियम चालतो. त्यात वशिला नाही, शिफारसपत्र नाही, जो आधी आला त्याचे नाव आधी लागले. दप्तरालाही तो सोपा जातो आणि म्हणून निःपक्षपाती भासतो. पण आधी कोण येतो? नोंदणी कोणत्या दिवशी सुरू होणार याची वार्ता ज्याच्या कानी असते, त्या क्षणी ज्याच्या हाताशी वेगवान इंटरनेट असते, शुल्क तत्काळ भरता येईल एवढी रक्कम ज्याच्या वडिलांच्या खात्यात असते, तो. पुणे, मुंबई, नाशिक येथील गिर्यारोहण मंडळांत ही वार्ता हातोहात फिरते. त्या मंडळांनी निष्ठेने पिढ्या घडवल्या आहेत आणि त्यांच्या सभासदांनी लवकर अर्ज करावा यात काही गैर नाही. परंतु अक्कलकुव्याच्या, किनवटच्या किंवा एटापल्लीच्या मुलीला, जिचे पाय रोज डोंगर तुडवतात, तिला अशी संस्था अस्तित्वात आहे हेही कोणी सांगितलेले नसते. एव्हरेस्ट सर करणारी पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल ही उत्तरकाशी जिल्ह्यातीलच नाकुरी गावच्या साध्या कुटुंबातली. त्याच जिल्ह्यातील संस्थेत ती शिकली आणि १९८४च्या मे महिन्यात शिखरावर पोचली. तिचे कर्तृत्व तिचेच होते. पण ते दार तिच्या जिल्ह्यात होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

रांगेला पर्याय म्हणजे सोडत. म्हाडाच्या घरांमुळे आणि शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांमुळे मराठी माणसाला सोडतीची रीत परिचयाची आहे. साहसशिबिरांच्या जगातही तिची वहिवाट आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात फिलमाँट नावाचे बालवीरांचे विस्तीर्ण वनक्षेत्र आहे. तेलउद्योगात धन मिळवलेल्या वेट फिलिप्स यांनी १९३८ मध्ये पस्तीस हजार एकरांहून अधिक जमीन दान देऊन त्याचा पाया घातला, १९४१ मध्ये आणखी मोठे दान दिले, आणि आज त्याचा विस्तार एक लाख चाळीस हजार एकरांच्या आसपास आहे. एवढे रान असूनही तेथील पदभ्रमणाच्या जागा पुरत नाहीत, म्हणून मोहिमेच्या वर्षभराहून अधिक आधी अर्ज मागवून सोडत काढली जाते. मुदतीच्या पहिल्या दिवशी अर्ज करणारा आणि अखेरच्या दिवशी करणारा तेथे समान ठरतो, हा तिचा मोठा गुण. मात्र अर्ज एकेका मुलाचा नसून तुकडीचा असतो, तुकडीबरोबर किमान दोन प्रौढ जावे लागतात, आणि शुल्काचा व प्रवासाचा भार ज्याचा त्याने वाहायचा असतो. ज्या वस्तीतील बापांना दोन आठवड्यांची रजा मिळत नाही, तिचे नाव सोडतीच्या पेटीत पडणार तरी कसे? पेटीत पडलेल्या नावांपुरताच सोडतीचा न्याय असतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, तो असा की पर्वत दयामाया जाणत नाही, म्हणून जागा सर्वांत सक्षम उमेदवारासच द्यावी. शारीरिक पात्रतेची किमान अट हवीच, आणि वैद्यकीय दाखल्यात कसलीही सवलत असू नये. परंतु ती अट ओलांडल्यावर पुन्हा गुणानुक्रम लावणे म्हणजे ज्याला आधीच शिकावयास मिळाले त्यालाच पुन्हा शिकवणे होय. तेलंगणच्या समाजकल्याण निवासी शाळेतील मालावथ पूर्णा ही तेरा वर्षांची मुलगी २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचली. भोंगीरच्या खडकांवर आणि दार्जिलिंगला तिची तयारी झाली होती. महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतले आणि मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. यांतील कोणीही रांगेत स्वतःहून उभे राहिले नसते. शासनाने त्यांच्या शाळेपर्यंत जाऊन त्यांना निवडले, शिकवले, साहित्य दिले. अशा मोहिमांचा गौरव झाला तो योग्यच. परंतु एका एव्हरेस्ट मोहिमेच्या खर्चात प्राथमिक अभ्यासक्रमास कितीतरी मुले पाठवता येतील, याचाही हिशेब मांडला जावा असे मला मनापासून वाटते.

न्याय्य वाटपाचे आणखी एक कारण तंबूच्या आतच आहे. १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडोव्ही येथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी साहसशिक्षण देणाऱ्या ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली, तेव्हा तीत व्यापारी जहाजांवरचे उमेदवार, कारखान्यांतील शिकाऊ मुले आणि श्रीमंतांच्या शाळांतील विद्यार्थी एकत्र आणले गेले. एका दोराला बांधलेली माणसे परस्परांवर विसंबतात, आणि हे विसंबणे भिन्न परिस्थितीतील मुलांत घडले तर त्याचे मोल कैक पटींनी वाढते. एकाच थरातील मुलांनी भरलेल्या वर्गात, प्रशिक्षक कितीही थोर असला तरी, शिक्षणाचा हा भाग शिकवला जात नाही.

तेव्हा तजवीज कशी असावी? अर्जाची मुदत एका क्षणाची न ठेवता महिनाभराची असावी, पात्र अर्जदारांची सोडत जाहीरपणे काढावी, आणि ज्याचे नाव एकदा आले नाही त्याची पुढील सोडतीत एक चिठ्ठी अधिक धरावी. काही जागा आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा व ग्रामीण महाविद्यालये यांसाठी राखून ठेवाव्यात. मात्र शुल्कमाफीबरोबर रेल्वेचे भाडे, बूट आणि उबदार कपडे यांचीही सोय झाली नाही, तर ती राखीव जागा कागदावरच राहील, कारण संस्थेच्या कोठारातून बर्फकुऱ्हाड मिळते, पण मुलाला डेहराडूनपर्यंत कोणी आणून सोडत नाही. ऐनवेळी रिकाम्या होणाऱ्या जागांचाही विचार व्हावा. पंधरा दिवस आधी आलेला निरोप ज्याला उपयोगी पडतो तो बहुधा पुन्हा शहरातलाच असतो. म्हणून प्रत्येक राज्याने वैद्यकीय तपासणी झालेली, साहित्य हाती असलेली काही मुले सज्ज ठेवावीत. महाराष्ट्रात क्रीडा विभाग, आदिवासी विकास विभाग आणि गिर्यारोहण मंडळे यांनी एकत्र बसून अशी यादी करावयाची ठरवले, तर पहिली तुकडी येत्या हंगामातच पाठवता येईल.