ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि त्याचे मापन

संगणकाच्या पडद्यावरील चित्र सिद्ध करण्याचे काम ज्या घटकाकडे सोपविलेले असते, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. त्यातील चिपचे सर्व व्यवहार क्लॉकच्या ठेक्यावर चालतात. हे ठेके दर सेकंदास किती पडतात, ते मेगाहर्ट्झमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. उत्पादकाने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे हा ठेका जाणूनबुजून वाढविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. ही क्रिया मुळात हौशी लोकांची. तथापि तिच्यातून उद्भवणारा प्रश्न केवळ हौसेचा नाही. दोन यंत्रांची तुलना करताना नेमके काय मोजले जाते, हा तो प्रश्न होय. भाषेच्या संगणकीय अभ्यासातही आता हीच कार्डे उपयोगात असल्यामुळे भाषाभ्यासकानेही त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या वाढीस वाव कसा राहतो ते पाहू. एकाच आराखड्याच्या दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. त्या प्रकारातील दुबळी चिपही निर्धोकपणे चालावी, अशा बेताने उत्पादक मर्यादा ठरवितो. साहजिकच सबळ चिपेत काही शक्ती शिल्लक राहते. मात्र ती फुकट मिळत नाही. चिपेतील विजेचा चल खर्च क्लॉकच्या वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारंवारता १० टक्के वाढविली आणि ती पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर हा खर्च सुमारे ३३ टक्के वाढतो. या खर्चाची अखेर उष्णतेत होते.

एवढे करूनही फळ त्याच प्रमाणात मिळेल असे नाही. मेमरीतून माहिती वेळेवर न आल्यास वेगवान चिपही खोळंबून राहते. मेमरीचा वेग वाढविण्यात आणखी एक मेख आहे. जीडीडीआर ५ या जातीच्या मेमरीत दळणवळणातील चूक ओळखून ती माहिती पुन्हा पाठविण्याची सोय आहे. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी चित्र बिघडतेच असे नाही. उलट पुनःप्रेषणात वेळ जाऊन कार्ड मंद होते. आकडा वाढला आणि काम घटले, असा हा प्रकार होय.

तुलनेचा पाया असलेला ‘मूळ वेग’ही आता स्थिर राहिलेला नाही. २०१२ साली आलेल्या जीफोर्स जीटीएक्स ६८० या कार्डाचा पायाभूत वेग १००६ मेगाहर्ट्झ होता. परंतु वीज व तापमान यांचा अंदाज घेऊन ते स्वतःच त्याहून वर जात असे. म्हणून कार्ड पुरेसे तापल्यावर व चाचणी अनेकदा करूनच निष्कर्ष काढणे इष्ट ठरते. सरासरीचाही मोह आवरावयास हवा. एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि साठावे ४१० मिलिसेकंदांत निघाले, तरी सरासरी सेकंदास ६० चित्रे अशीच येते. पाहणाऱ्यास मात्र स्पष्ट ठेच लागते.

याहून सूक्ष्म दोष चाचणीच्या ओळखीतून उद्भवतो. २००१ साली रेडिऑन ८५०० या कार्डाच्या बाबतीत परीक्षकांनी ‘क्वेक ३’ या खेळाच्या प्रोग्रॅममधील ‘क्वेक’ हे नाव पालटून ‘क्वॅक’ केले. अन्य काहीही बदलले नव्हते. तरीही वेग घटला आणि चित्राची प्रत सुधारली. कार्डाचा ड्रायव्हर नाव ओळखून वागत होता, हे त्यावरून उघड झाले. वर्णविचारात एकच ध्वनी पालटून अर्थभेद होतो की नाही हे पाहण्याची जी रीत आहे, तिचेच हे अनपेक्षित रूप म्हणावयास प्रत्यवाय नाही. पुढे २००३ मध्ये थ्रीडीमार्क ०३ या चाचणीच्या कर्त्यांनी ड्रायव्हरला ती ओळखता येऊ नये अशी दुरुस्ती केली, तेव्हा जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. यास फसवणूक म्हणावे की विशिष्ट कामासाठी केलेली सुधारणा, यावर मोठा वाद झाला.

वस्तुतः या दोन प्रकारांतील भेद येथेच स्पष्ट होतो. ओव्हरक्लॉकिंगने वाढलेला वेग धोक्याचा असला तरी खरा असतो. तो अन्य कामांतही कमीअधिक प्रमाणात उतरतो. चाचणी ओळखून मिळविलेला वेग त्या चाचणीबाहेर टिकत नाही. भाषिक प्रतिमानांची परीक्षा घेतानाही हाच विवेक लागतो. कारण परीक्षेतील उतारे प्रतिमानाने शिकताना आधीच वाचलेले असल्यास मिळालेले गुण ज्ञानाचे की स्मरणाचे, हे सांगता येत नाही. अशा वेळी परीक्षकाने निदान एक ‘क्वेक’चा ‘क्वॅक’ करून पाहणे आवश्यक आहे.