विहिरीच्या पाण्याची थेंबाथेंबानें परीक्षा

विहिरीचें पाणी खारट लागलें कीं बागाईतदार सावध होतो. परंतु पिण्यास गोड लागणारें पाणीही कांहीं वर्षांत काळी जमीन चोपण करूं शकतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अशा पाण्यांत सोडियमबरोबर बायकार्बोनेट अधिक असतें. तें कॅल्शियमला चुनखडीच्या रूपानें बाजूस काढतें आणि मातीच्या कणांवर सोडियम ठाण मांडतो. मग जमीन ओली असतां चिकटते, वाळली कीं दगडासारखी होते, आणि पाणी खालीं मुरत नाहीं. येथें जिभेचा उपयोग नाहीं. रसायनशाळेंतील अनुमापन हाच खरा मार्ग होय.

अनुमापनाचें तत्त्व तराजूचेंच आहे. वजनांच्या जागीं ठाऊक शक्तीचें द्रावण असतें, आणि काट्याचें काम रंग करितो. खुणा केलेल्या, खालीं तोटी असलेल्या कांचेच्या उभ्या नळीस ब्युरेट म्हणतात. तींत एक-पन्नासांश नॉर्मल शक्तीचें गंधकाम्ल भरतात. खालच्या चंबूंत विहिरीचें ५० मिलिलिटर पाणी अचूक मोजून घेतात. प्रथम फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब घालावे. गुलाबी रंग आल्यास कार्बोनेटही आहे असें समजून तें आधीं मोजावें. रंग न आल्यास मिथिल ऑरेंज घालून, चंबू हालवीत, अम्ल थेंबाथेंबानें सोडावें. पिवळा रंग नारिंगी होतांच तोटी बंद करून खर्च वाचावा. सारें कसब या शेवटच्या थेंबांत आहे! अर्धा मिलिलिटर अधिक पडला तरी उत्तर ०.२ नें चुकतें.

हिशेब सोपा आहे. या मापांत अम्लाच्या प्रत्येक मिलिलिटरास दर लिटरीं ०.४ मिलिइक्विव्हॅलंट धरावयाचें. हें क्षारांच्या परस्पर बरोबरीचें माप होय. २० मिलिलिटर खर्च झाले तर बायकार्बोनेट ८.

एवढ्यावर निकाल देणें मात्र अन्यायाचें होईल, कारण कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर असलेलें पाणी तितकें घातक नसतें. म्हणून दुसऱ्या ५० मिलिलिटरांत विम्लतेचें प्रमाण स्थिर राखणारें द्रावण व एरिओक्रोम ब्लॅक टी घालून, त्याच शक्तीचें ईडीटीए सोडतात. तांबडा रंग स्वच्छ निळा झाला कीं थांबावें. येथें १० मिलिलिटर लागले तर हे दोन्ही मिळून ४ झाले.

आठांतून चार वजा करितां शिल्लक ४. ही वजाबाकी अमेरिकेंतील ईटन यांनीं १९५० सालीं सुचविली. शिल्लक १.२५ पर्यंत असल्यास पाणी निर्धोक, २.५ पर्यंत जपून वापरण्याजोगें, त्यापुढें अयोग्य, असा दंडक रूढ आहे. आपलें उदाहरणांतील पाणी तिसऱ्या वर्गांत पडतें.

तरी विहीर बुजवावयास नको. एकरभर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १ लाख ३ हजार लिटर. त्यांतील शिल्लक एकानें उणी करण्यास सुमारें ९ किलो शुद्ध जिप्सम लागतें. तीन उणे करावयाचे तर २७ किलो. बाजारचें जिप्सम क्वचितच शुद्ध असल्यानें तेवढी वाढ धरावी. निचरा नसलेल्या जमिनींत मात्र हा खर्च बहुतेक वायां जाईल. आधीं चर काढावे. एकूण क्षारांची परीक्षा वेगळी असते, तीही सोबत करून घ्यावी.

नमुना घेतांना पंप अर्धा तास चालवावा, बाटली त्याच पाण्यानें दोनतीनदां विसळावी, गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावावें, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेंत पोंचवावी. औषध फवारणीची रिकामी बाटली कितीही धुतली तरी या कामीं घेऊं नये.