पंचवीस टक्क्यांचे दार आणि एक किलोमीटरची भिंत

संसदेने २००९ मध्ये संमत केलेल्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १२ हे सर्वांत धाडसी मानले गेले. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावे, अशी ही तरतूद. बदल्यात सरकार शाळेला प्रतिपूर्ती देते. तीही सरकारचा दर मुलामागील खर्च आणि शाळेची फी यांपैकी कमी असेल तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताधिक्याने ही तरतूद वैध ठरवली.

खरी कसोटी लागली ती राज्यांत. जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन नाही, असा बदल कर्नाटकने २०१९ मध्ये केला. तेथील उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच कित्ता गिरवला आणि अंतर ठरवले एक किलोमीटर. शहरांत एवढ्या अंतरात अशी शाळा नसलेली वस्ती विरळाच. कलम पुस्तकात राहिले, दार मात्र बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

सरकारी शाळा ओस पडत असताना खासगी शाळांना पैसा का द्यावा, हा राज्यांचा प्रश्न गैरलागू नाही. परंतु राजधानीत बदलून आलेला अधिकारी केंद्रीय विद्यालय की खासगी शाळा याचा निर्णय स्वतः घेतो. घराशेजारी सरकारी शाळा आहे म्हणून त्याचा पर्याय कुणी काढून घेत नाही. त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलासाठीच अंतर का मोजावे? एका बाकावर बसणारी मुले वेगवेगळ्या घरांतून यावीत, हाही या कलमाचा हेतू होता. तो केवळ खर्चाच्या हिशेबात बसवता येत नाही.

दुसरी भिंत खुद्द कायद्यातच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा हा वयोगट शालेय रचनेत एकत्र आणला. कायद्यातील हक्क मात्र सहा ते चौदा वयापुरताच. आठवीनंतर तेच मूल त्याच शाळेत टिकेल की नाही, हे पुन्हा बापाच्या मिळकतीवर ठरते. पहिली भिंत न्यायालयाने पाडली. ही पाडण्याचे काम संसदेचे आहे.